तार घराची, माणूस खोलीतला

वर्ध्याकडच्या टेलिफोनची गोष्ट सांगायची तर सेवाग्रामपासूनच सुरुवात करावी लागते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव नावाच्या खेड्यात आले. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्याच सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून सरकारने आश्रमात टेलिफोन बसवला. आश्रम पाहायला येणाऱ्यांना तो आजही दाखवतात.

त्या टेलिफोनकडे पाहताना मला एक प्रश्न पडतो. तार नेमकी कुणापर्यंत पोचते? सेवाग्रामला ती पोचली, कारण गरज खुद्द सरकारला होती. बाकीच्यांना रांगेत उभे राहावे लागले आणि ती रांग पुढे कित्येक वर्षे हटली नाही. मागेल त्याला फोन द्यायचा, तोही १९९७ पर्यंत, हे सरकारने दूरसंचार धोरणात लिहिले ते १९९४ मध्ये!

रांगेत उभे राहायलाही पत्ता लागे. फोन माणसाला मिळत नसे, घराला मिळत असे. एक्स्चेंजपासून निघालेली तांब्याची जोडी खांबांवरून, डब्यांमधून येऊन एका ठरावीक भिंतीवर संपे. ज्याची भिंत त्याचा फोन.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते याच तारेवरून. संगणकाला मोडेम जोडायचा, मोडेम स्वतःच नंबर फिरवी, कर्कश शिट्ट्या ऐकू येत आणि नशीब असेल तर जोडणी लागे. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे आणि कॉलचे बिल वेगळे. म्हणजे इंटरनेट हवे तर आधी फोन हवा, आणि फोन हवा तर घर आपले हवे.

वर्ध्यासारख्या गावात हा प्रश्न लहान नव्हता. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासूनचे, हिंदी विश्वविद्यालय १९९७ चे. त्यांत सावंगी, पिपरी आणि सेवाग्राम रस्त्यावरची महाविद्यालये मिळवा. बाहेरगावची हजारो मुले इथे खोली करून राहत आली आहेत. मेसचा डबा, एक पंखा, चार खाटा. त्यांच्या नावावर गावात एक वीटही नसते.

मी त्यांतलाच एक. २००४ साली आम्ही चौघे रामनगरात राहत होतो. पैसे जमवून एक जुना संगणक घेतला होता, पण फोन नव्हता. घरमालकांना आम्ही काका म्हणत असू. फोनचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "तुमी पोट्टे परीक्षा झाली का निघून जासान, अन् बिल येईन माह्या नावानं." त्यांचे चुकत नव्हते. थकलेले बिल जोडणी ज्याच्या नावावर त्याच्याच गळ्यात पडे. मग आम्ही कॅफेत जाऊ लागलो. तिथे तासाचे पैसे मोजावे लागत, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी तर खुर्ची मिळणेही कठीण.

आमची वाट मोकळी झाली ती रेडिओलहरींमुळे. एक्स्चेंज ते घर हा तारेचा शेवटचा टप्पा सगळ्यांत खर्चिक असतो. रस्ता खणा, तार टाका, पावसात ती बिघडली की दुरुस्त करा. हा टप्पा बिनतारी केला तर? नव्वदच्या दशकात मद्रासच्या आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोरडेक्ट' ही यंत्रणा घडवली. तिच्यावर बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी चाले, वेग ३५ किंवा ७० किलोबिट. जानेवारी २००१ मध्ये सरकारने अशा बिनतारी फोनला मर्यादित क्षेत्रात फिरण्याचीही मुभा दिली. मोबाइल कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २००३ मध्ये एकत्रित परवाना आल्यावर तो वाद मिटला. रिलायन्स, टाटा आणि बीएसएनएल यांचे सीडीएमए फोन त्याच काळात गावोगाव पोचले.

आम्हीही टेबलावर ठेवायचा, वर लहानसा अँटेना असलेला तसला एक फोन घेतला. ओळखीसाठी महाविद्यालयाचा दाखला चालला. केबलने तो संगणकाला जोडला. रेंज फक्त खिडकीपाशी मिळे, म्हणून टेबलच खिडकीला लावले. कुणी किती मिनिटे वापरली याची वही होती आणि महिनाअखेरीस बिल त्या हिशेबाने वाटले जाई. एका रात्री आमच्यातल्या एकाला ईमेलने मुलाखतीचे पत्र आले. मुलाखत पुण्याला आणि तीही दोनच दिवसांवर. दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसला आणि ती नोकरी त्याला मिळाली. कॅफेच्या भरवशावर राहिलो असतो तर ते पत्र आठवड्याने वाचले असते.

गंमत म्हणजे त्यानंतर तार पुन्हा पुढे गेली. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा आली. बोलणे तारेच्या खालच्या कंपनांवर आणि इंटरनेट वरच्या कंपनांवर, त्यामुळे फोन अडकत नसे. वेगही निदान २५६ किलोबिट. पण अट जुनीच, आधी लँडलाइन हवी. भाडेकरू पुन्हा दाराबाहेर! त्याच महिन्यात सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, त्यामुळे वाय-फाय घराघरांत आले आणि एक जोडणी चार खोल्यांत वाटता येऊ लागली. मग डेटा कार्डे आली, थ्रीजी आले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर खोलीतल्या पोराच्या खिशातच इंटरनेट आले. जोडणी भिंतीची न राहता माणसाची झाली. या सगळ्या इतिहासातला मोठा बदल मला हाच वाटतो. वेग वाढला ही त्यापुढची गोष्ट.

२०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही हे ओळखले. वसतिगृहात संध्याकाळी मोबाइल वापरायला बंदी घालणाऱ्या नियमाला एका विद्यार्थिनीने आव्हान दिले होते. इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असा निकाल न्यायालयाने दिला.

तरीही प्रश्न पुरता सुटलेला नाही. चौघांचे वर्ग, परीक्षा, मुलाखती एकाच वेळी चालवायच्या तर मोबाइलचा डेटा अपुरा पडतो आणि फायबरची तार हवीशी वाटते. फायबरला जुना फोन लागत नाही, पण भिंतीला भोक पाडायला घरमालकाचा होकार लागतोच. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तीत किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वाय-फाय देऊ शकतो, जसा एके काळी कोपऱ्यावरचा पीसीओवाला फोन लावून देत असे. सोय चांगली आहे, पण ती दुकानापुरती.

वर्ध्याच्या घरमालकांना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. खोली भाड्याने देताना वीज कुठून येते आणि पाणी किती वाजता येते हे आपण सांगतोच. त्याच बैठकीत इंटरनेटची तार कुठून यायची, बिल कुणाच्या नावावर आणि खोली सोडताना ते कसे चुकते करायचे, हेही कागदावर लिहून घ्यावे. आमच्या काकांची काळजी तेवढ्याने मिटली असती आणि आम्हाला खिडकीशी टेबल लावावे लागले नसते.