जुना गुन्हा, नवा पुरावा

इंग्लंडात १९०७ च्या कायद्यापर्यंत फौजदारी अपिलाचं वेगळं न्यायालयच नव्हतं. अॅडॉल्फ बेक या निरपराध माणसाला चुकीच्या ओळखीवरून १८९६ आणि १९०४ असं दोनदा दोषी ठरवलं, तेव्हा कुठं सरकारला जाग आली.

पुढं १९६८ च्या कायद्यातल्या कलम २३ नं नव्या पुराव्याला वाट दिली. पुरावा विश्वास ठेवण्याजोगा आहे का, आणि खटल्यातच तो का आणला नाही, हे न्यायालय पाहतं.

बालपणीच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत इथंच पेच पडतो. तिथं अशा गंभीर गुन्ह्यांना मुदत नाही. तीस-चाळीस वर्षांनीही खटला उभा राहतो. मूल तेव्हा का बोललं नाही, हे आपण समजू शकतो. पण तोवर साक्षीदार वारलेले, दप्तर गहाळ झालेलं. समजा, शिक्षेनंतर एखादं जुनं हजेरीपुस्तक सापडलं आणि तारखा जुळेनात. तर ते तपासायलाच हवं.

न्यायालयापुढं प्रश्न एवढाच असतो: दोषसिद्धी अजून भरवशाची आहे का? ती रद्द झाली, म्हणजे तक्रारदार खोटं बोलली असं ठरत नाही. ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘घडलं नाही’ यांतला फरक आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. इथं त्यावर दोन माणसांची आयुष्यं टांगलेली असतात.