ठेवीचा हिशेब : शेठ जमनालाल बजाज

छत्रपति संभाजीनगराहून पुण्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला लागून बजाजनगर लागतें. कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या व लहान धंदेवाल्यांच्या बिऱ्हाडांनीं हें नगर गजबजलेलें आहे. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्या नांवाच्या छायेंत ही वस्ती वाढली. शहरांत कमलनयन बजाज यांच्या नांवाचें रुग्णालयहि आहे. ‘बजाज’ हीं तीन अक्षरें अशा रीतीनें येथील माणसांच्या तोंडीं दिवसांतून दहा वेळां येतात. पण तीं उच्चारतांना डोळ्यांपुढें उभी राहते ती दुचाकी किंवा रिक्षा. ज्यांनीं या नांवाला प्रथम लौकिक मिळवून दिला, त्यांचा या वाहनांशीं मुळींच संबंध नव्हता. ते वर्ध्याचे कापसाचे व्यापारी होते आणि पुढें बजाज ऑटो झालेली कंपनी स्थापन होण्यापूर्वीं सुमारें पावणेचार वर्षें ते निवर्तले होते. शेठ जमनालाल बजाज हें त्यांचें नांव.

इंग्रजी अमदानींतील व्यापारी पुढाऱ्यांचा एक ठराविक जीवनक्रम साम्राज्यांत सर्वत्र दिसून येतो. सिडनी-मेलबर्नहून विलायतेस लोकर धाडणारा व्यापारी असो, कीं मुंबईहून कापूस धाडणारा असो, तो आधीं धन मिळवी, मग नगराच्या कारभारांत शिरे, शाळांना व इस्पितळांना देणग्या देई. सरकार त्याला पदवी देई आणि त्याच्या पश्चात् नागरिक त्याचा पुतळा उभारीत. हा क्रम कांहीं निंद्य नव्हे. मुंबईच्या जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या पुरुषांनीं याच मार्गानें जाऊन पश्चिम हिंदुस्थानांतील नव्या शिक्षणाला भक्कम आधार दिला. जमनालालजींच्या आयुष्याचा आरंभहि याच मार्गावर झाला होता. मात्र अर्ध्या वाटेवर त्यांनीं दिशा बदलली. ती कां बदलली, हें समजून घेतल्याशिवाय त्यांच्या दानाचें मर्म कळत नाहीं.

४ नोव्हेंबर १८८९ रोजीं राजपुतान्यांतील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यांत जमनालालजींचा जन्म झाला. वडील कनीराम हे बेताच्या स्थितीचे गृहस्थ होते. त्याच बाजूचे शेठ बच्छराज हे वर्ध्यास व्यापार व देवघेव करून श्रीमंत झाले होते. पण त्यांचा मुलगा रामधनदास अकालीं वारल्यामुळें घर रितें झालें होतें. तें चालावें म्हणून बच्छराजांनीं कनीरामांचा हा मुलगा नातू म्हणून दत्तक घेतला. पांचएक वर्षांचें पोर वाळूच्या मुलखांतून उठून काळ्या मातीच्या मुलखांत आलें.

तेव्हांचें वर्धा हें नवें गांव होतें. १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं तें आखून वसविण्यांत आलें आणि पुढच्याच वर्षीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली. त्यापूर्वीं १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तेथील कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाड व वर्धा भागाकडे वळले. हिंगणघाटचा कापूस तर सातासमुद्रांपलीकडच्या बाजारांत त्या गांवाच्या नांवानेंच ओळखला जाई. शेतकऱ्याच्या घरचा कापूस गाडींतून पेठेंत, पेठेंतून आगगाडीनें मुंबईस आणि तेथून जहाजानें विलायतेस असा प्रवास करी. या साखळीच्या प्रत्येक कडीवर नफा होता. सर्वांत कमी नफा पहिल्या कडीवर होता. बच्छराजांची गादी या व्यवहाराच्या मधोमध बसलेली होती. तीवर बसविण्यासाठीं जो मुलगा आणला, त्याची शाळा थोडक्यांतच आटोपली आणि खरें शिक्षण दुकानाच्या वह्यांवर झालें. जमा कोणती आणि नावें कोणतें, आपलें कोणतें आणि दुसऱ्याची ठेव कोणती, हा विवेक त्यांना तेथें मिळाला. तोच पुढें जन्मभर कामीं आला.

त्याची पहिली कसोटी सतराव्या वर्षीं लागली. एका लग्नास जातांना दागिने घालण्यावरून आजोबा-नातवांत वाद झाला. बच्छराज रागीट होते. रागाच्या भरांत त्यांनीं नातवाला त्याच्या दत्तकपणाची व आपल्या पैशाची आठवण करून दिली. तरुणानें उलट उत्तर केलें नाहीं. त्यानें शांतपणें एक पत्र लिहिलें : या संपत्तीवर आपला कोणताहि हक्क राहिलेला नाहीं, पुढेंहि आपण तो सांगणार नाहीं, आणि आजोबांनीं हा पैसा सत्कार्यांत लावावा. पत्र ठेवून तो अंगावरच्या कपड्यांनिशीं घराबाहेर पडला. म्हाताऱ्याचा राग ओसरला, माणसें धांवलीं आणि समजूत घालून त्यांनीं त्याला परत आणलें. १९०७ सालीं बच्छराज वारले आणि सारी इस्टेट त्याच नातवाच्या हातीं आली.

घरांतलें हें भांडण येथेंच मिटलें, असें कोणींहि म्हटलें असतें. परंतु जमनालालजींच्या मनांत तें पत्र रद्द झालें नव्हतें. एकदां सोडलेली वस्तु पुन्हां हातांत आली, तर ती आपली म्हणून कशी वापरावी? व्यापारी भाषेंत याला एकच उत्तर होतें : ती ठेव म्हणून सांभाळावी. पेढीवर ठेवलेला पैसा पेढीवाला वाढवितो, त्याची राखण करतो. पण तो खर्चावयाचा अधिकार त्याला नसतो. गांधींच्या विश्वस्तपणाच्या विचाराशीं त्यांची गांठ पडण्यापूर्वीं कित्येक वर्षें या तरुणानें तो आपल्या घरच्या दुःखांतून ओळखला होता.

बाहेरून मात्र आयुष्य जुन्या चाकोरीनेंच चाललें होतें. १९०८ सालीं ते ऑनररी मॅजिस्ट्रेट झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळांत सरकारनें त्यांना रायबहादुर केलें. वर्ध्यास त्यांनीं विद्यार्थिगृह व मारवाडी विद्यालय काढलें. दुसरीकडे, रोजच्या हातखर्चांतून सांठविलेले शंभर रुपये त्यांनीं कोवळ्या वयांतच टिळकांच्या ‘केसरी’च्या हिंदी आवृत्तीसाठीं दिले होते. पुढें लाखांच्या देणग्या दिल्या तरी त्या शंभर रुपयांचा आनंद निराळाच होता, असें ते सांगत. एका हातानें सरकारची पदवी आणि दुसऱ्या हातानें टिळकांच्या पत्राला मदत, ही त्या काळच्या अनेक श्रीमंतांची स्थिति होती. ती फार दिवस टिकणारी नव्हती.

गांधी आफ्रिकेंतून १९१५ सालीं परतले, तेव्हांपासून जमनालालजी त्यांना निरखीत होते. हा माणूस बोलतो तसा वागतो कीं नाहीं, याची त्यांनीं वह्या तपासाव्या तशी तपासणी केली. खात्री पटल्यावर १९२० च्या डिसेंबरांत नागपूरच्या काँग्रेसप्रसंगीं, स्वागताध्यक्ष असतांना, त्यांनीं एक चमत्कारिक मागणी केली : चार मुलगे आपल्याला आहेतच, मला पांचवा मुलगा समजा. आधींच एकदां दत्तक गेलेल्या माणसानें स्वतःच्या इच्छेनें पुन्हां दत्तक जाणें, ही गोष्ट मोठी सूचक आहे. पहिल्या दत्तविधानानें त्यांना संपत्ति मिळाली. दुसऱ्यानें त्या संपत्तीचा हिशेब मागणारा पिता मिळाला.

त्यानंतर निर्णय भराभर झाले. रायबहादुरकी सरकारला परत गेली. असहकारांत वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठीं त्यांनीं एक लक्ष रुपये दिले. घरांतील विलायती कपड्यांची होळी झाली. पत्नी जानकीदेवींनीं सोन्याचे दागिने उतरविले आणि पुढें पडदाहि सोडला; मारवाडी श्रीमंत घरांत या गोष्टी लाख रुपये देण्याहून अवघड होत्या. काँग्रेसची तिजोरी त्यांच्याकडे आली, ती थोडा काळ सोडल्यास अखेरपर्यंत. लोकांच्या वर्गणीचा पैसा सांभाळण्यास असा माणूस हवा होता, ज्याला स्वतःचा पैसाहि लोकांचा वाटे.

१९२३ सालीं नागपुरास झेंडा सत्याग्रह झाला. त्याचें नेतृत्व केल्याबद्दल त्यांना कारावास व तीन हजार रुपये दंड झाला. दंड भरावयाचा नाहीं असा निश्चय असल्यामुळें सरकारनें त्यांची मोटार जप्त केली. पण नागपुरांत त्या मोटारीवर बोली बोलावयास एकहि गिऱ्हाईक पुढें येईना; अखेर ती विक्रीसाठीं काठेवाडांत धाडावी लागली. बाजारानेंच बोलावयाचें नाकारावें, ही एका व्यापाऱ्याला मिळालेली पदवी रायबहादुरकीहून नक्कीच मोठी होती.

तथापि सरकारशीं झगडण्यांत जो धोका असतो, त्याहून कठीण धोका स्वजनांशीं झगडण्यांत असतो. वर्ध्याचें लक्ष्मीनारायणाचें मंदिर बच्छराजांनीं बांधलेलें होतें. १९२८ च्या जुलैंत जमनालालजींनीं तें अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलें केलें. या सुमारासच, १९२७ च्या डिसेंबरांत, डॉ. आंबेडकरांनीं महाड येथें मनुस्मृतीचें दहन केलें होतें, आणि देवळांचे दरवाजे हा साऱ्या महाराष्ट्रांत वादाचा विषय झाला होता. सनातनी मंडळी खवळली, जातभाईंनीं नांवें ठेवलीं. पण जमनालालजींच्या दृष्टीनें प्रश्न सरळ होता. घराण्याची पेढी जर ठेव असेल, तर घराण्याचें देऊळहि ठेवच होय. तीवर कुलूप लावण्याचा अधिकार विश्वस्ताला कोठून आला? दलितांच्या चळवळीची मागणी एका मंदिराच्या दारापुरती नव्हती आणि एका शेठजींच्या औदार्यानें ती पुरी होणारीहि नव्हती. तरी आपल्याच आजोबांनीं लावलेलें दार स्वतःच्या हातानें उघडणें, हें धैर्य त्या काळीं फार थोड्यांनीं दाखविलें.

वर्धा हें आडबाजूचें गांव देशाच्या राजकारणाचें केंद्र झालें, तें याच धोरणामुळें. १९२१ सालीं त्यांच्या आग्रहावरून सत्याग्रहाश्रमाची शाखा तेथें निघाली आणि ती चालविण्यास विनोबा आले. १९३४ सालीं त्यांनीं आपली बाग व बंगला ग्रामोद्योग संघाला दिला. ती मगनवाडी झाली. ३० एप्रिल १९३६ रोजीं गांधी शेगांव या खेड्यांत राहावयास गेले. त्या गांवची बरीचशी मालगुजारी जमनालालजींचीच होती, आणि तेंच पुढें सेवाग्राम या नांवानें प्रसिद्ध झालें. १९३७ च्या ऑक्टोबरांत मूलोद्योग शिक्षणाचा विचार करणारी परिषद त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या आश्रयानें वर्ध्यासच भरली. बजाजवाडी हें तर देशभरच्या पुढाऱ्यांचें बिऱ्हाडच झालें होतें.

येथें एक प्रश्न टाळतां येत नाहीं. शेठजींनीं व्यापार सोडला नव्हता. १९३१ सालीं संयुक्त प्रांतांत गोला गोकर्णनाथ येथें त्यांनीं साखरेचा कारखाना काढला. मुंबईची पेढीहि चालू होती. विश्वस्त म्हणविणारा धनिक अखेर धनिकच राहिला, आणि ठेवीदार असलेला शेतकरी-कामगार कधींहि वह्या तपासावयास येऊं शकला नाहीं, असा आक्षेप विश्वस्तपणाच्या कल्पनेवर तेव्हांहि घेतला गेला आणि आजहि घेतां येतो. आक्षेप खरा आहे. एका माणसाच्या सदसद्विवेकावर उभी राहिलेली व्यवस्था त्या माणसाबरोबरच संपण्याची भीति असते. जमनालालजींनाहि आपल्या अपुरेपणाची जाणीव होती. आपले मनाचे दोष ते गांधींना व विनोबांना पत्रांतून उघडपणें कळवीत. आपला हिशेब तपासणारा कोणी तरी असावा, ही तळमळ त्यांनीं कधीं सोडली नाहीं. त्यांच्या निधनानंतर गांधींनीं ‘हरिजन’मध्यें लिहिलें तें याला धरूनच होतें : श्रीमंतांनीं विश्वस्त व्हावें असें आपण जेव्हां जेव्हां लिहिलें, तेव्हां मुख्यतः हाच व्यापारी आपल्या नजरेसमोर होता, असा त्याचा आशय होता.

शेवटचीं वर्षें त्यांनीं आणखी थोडें थोडें सोडण्यांत घालविलीं. जयपूर संस्थानांतील प्रजामंडळाच्या लढ्यांत १९३९ सालीं त्यांना कैद झाली. १९४१ सालीं वैयक्तिक सत्याग्रहांत पुन्हां तुरुंग घडला. प्रकृति ढांसळलेली होती. त्याच वर्षीं त्यांनीं गोसेवा संघ स्थापन केला आणि वर्ध्याजवळ गोपुरीला एका साध्या झोपडींत ते राहूं लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचें एकाएकीं निधन झालें. वय अवघें बावन्न वर्षांचें होतें. जानकीदेवींनीं आपली स्वतःची मालमत्ता गोसेवेला अर्पण केली. पांच महिन्यांनीं, १४ जुलै १९४२ रोजीं, इंग्रजांनीं राज्य सोडून जावें असा ठराव काँग्रेसच्या कार्यकारिणीनें केला, तो वर्ध्यासच. पाहुणे नेहमींप्रमाणें आले होते. यजमान तेवढा नव्हता.

१९४५ च्या नोव्हेंबरांत बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नांवानें जी कंपनी निघाली, तीच पुढें बजाज ऑटो झाली. दत्तक नातवानें एका रागाच्या क्षणीं ज्याची संपत्ति नाकारली, त्या आजोबांचें नांव तिच्यावर प्रथम होतें. ज्या मुलानें कापसाची पेढी ठेव म्हणून सांभाळली, त्याचें आडनांव आज एका नगरावर आहे. तेथें सकाळीं पाळीला निघणाऱ्या कामगाराला ही हकीकत ठाऊक असेल अथवा नसेल. पण संपत्ति कोणाची, हा जो प्रश्न १९०७ सालीं वर्ध्याच्या एका घरांत उठला होता, तो त्या नगराच्या नांवांत अजूनहि दडलेला आहे. पाटीवर कोरलेल्या नांवापेक्षां तो प्रश्न जिवंत राहणें, हेंच जमनालालजींचें खरें स्मारक होय.