मिश्र शाळा ही मेहरबानी नव्हे : मसूर, काले आणि मलकापूरच्या पालकांपुढचा प्रश्न

मे-जून महिना आला की मलकापुरात, आगाशिवनगरात, कराडात शाळांचे फलक चौकाचौकात लागतात. चकचकीत इमारत, टाय घातलेली मुलं, डिजिटल वर्ग, पिवळी बस. पालक माहितीपत्रक हातात घेऊन फी विचारतात, बसचं भाडं विचारतात, माध्यम विचारतात. शाळेत कोणाकोणाची मुलं एकत्र बसतात, हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. आमच्या वस्तीतले पालकही आता विचारत नाहीत. उलट, "जिथे सगळ्यांचीच पोरं जातात तिथे कशाला घालायचं?" असं वाक्य आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकू येतं.

हे वाक्य बोलण्याआधी ज्या मातीत आपण उभे आहोत, तिचा इतिहास एकदा वाचावा, एवढ्यासाठी हा लेख. सगळ्यांची मुलं एका छताखाली, एका बाकावर, मुलं आणि मुली बरोबर, कोणताही विषय कोणालाही खुला, अशी मोठी माध्यमिक शाळा आपल्याला सरकारच्या किंवा संस्थाचालकांच्या मेहरबानीने मिळालेली नाही. ती लढून मिळाली. आणि त्या लढ्यातली काही महत्त्वाची पानं याच सातारा जिल्ह्यात, याच कराड तालुक्यात लिहिली गेली.

सुरुवात साताऱ्यापासून करू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका मुलाची साताऱ्याच्या सरकारी शाळेत नोंद झाली. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. शाळा सरकारी होती, दार उघडं होतं, नाव हजेरीपटावर होतं. मग अडचण काय होती? बाबासाहेबांनीच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. म्हणजे प्रवेश मिळाला होता, शाळा मिळाली नव्हती. हा फरक आपण नीट लक्षात ठेवला पाहिजे, कारण आजचा प्रश्नही तोच आहे.

दुसरं पान मसूरचं. मसूर आपल्या कराड तालुक्यातच. १९०१ साली बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची मुलं वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली आणि रेल्वेने मसूर स्टेशनावर उतरली. चांगले कपडे घातलेली मुलं बघून स्टेशन मास्तर आधी आस्थेने बोलला. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर गाडी मिळाली. रात्रभर पाणी मिळालं नाही. डबा बरोबर होता, पण पाण्यावाचून तो खाता आला नाही. मलकापूरहून फार लांब नसलेल्या त्या स्टेशनावर आजही गाड्या थांबतात. आमच्या किती मुलांना शाळेत हे सांगितलं जातं?

तिसरं पान विषयांचं. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलला गेल्यावर बाबासाहेबांना संस्कृत शिकायचं होतं. शिकू दिलं नाही. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. शाळेत बसू दिलं, पण कोणत्या विषयाच्या वर्गात बसायचं हे जातीने ठरवलं. दार एक, पण आत गेल्यावर वाटा वेगळ्या. ही युक्ती जुनी आहे आणि अजून जिवंत आहे. तिच्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

आता कोणी म्हणेल, हा सगळा गुलामगिरीचा काळ झाला, कायद्याने शाळा खुल्या झाल्या की संपलं. तसं झालेलं नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तेव्हा मुंबई सरकारने सबब सांगितली की एका मुलाला घेतलं तर बाकीची शाळा रिकामी होईल. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन सरकारला सुनावलं की कर भरतो शेतकरी, कष्टकरी, आणि त्या पैशावर शिकतो मूठभर वरचा वर्ग. जोतीरावांचं मूळ गाव कटगुण आणि सावित्रीमाईंचं जन्मगाव नायगाव, दोन्ही याच सातारा जिल्ह्यातली. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचं धोरण मंजूर झालं. तरी १९३५ साली गुजरातेतल्या कविठा गावात अस्पृश्य पालकांनी मुलांना सर्वांच्या शाळेत घालण्याचा हक्क बजावला, तेव्हा सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला, बहिष्कार टाकला, त्यांच्या विहिरीत रॉकेल ओतलं. ठराव कागदावर राहिला. मुलाला शाळेत घालणं हाच सत्याग्रह ठरला.

या पार्श्वभूमीवर काले गावाकडे बघा. मलकापूरच्या दक्षिणेला, कराड तालुक्यातच हे गाव आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी तिथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पाया सत्यशोधक चळवळीचा होता. हेच भाऊराव कोल्हापुरात विद्यार्थी असताना अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परत येऊन शुद्धीची अंघोळ करायला नकार दिला आणि जैन बोर्डिंगमधून बाहेर पडले. त्याच १९१९ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. शाहूंनी हुकूम काढला, पण भाऊरावांकडे राज्य नव्हतं. त्यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं आणि त्यात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन मुलं एका पंगतीला बसवली. मुलांनीच स्वयंपाक करायचा, मुलांनीच पाणी भरायचं. जिथे शिपाई नळ सोडेपर्यंत भिवाला तहानलेलं राहावं लागलं होतं, त्याच शहरात वीस-पंचवीस वर्षांत एका हंड्यातलं पाणी सगळ्यांनी प्यायलं. या वसतिगृहाच्या पोरांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट मोडले. इतिहास सांगताना ही माउली पहिल्या ओळीत आली पाहिजे.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाचं मोफत आणि निवासी हायस्कूल सुरू झालं. 'कमवा आणि शिका' हे त्याचं सूत्र. आज रयतच्या चारशेहून अधिक माध्यमिक शाळा आहेत. आम्ही रयतची आरती ओवाळत नाही. कोणतीही संस्था टीकेच्या वर नाही, आणि मोठी झालेली संस्था तर नाहीच. पण एवढं खरं की गावोगाव हायस्कूल पोचलं नसतं, तर आमच्या आजा-पणजाची पिढी चौथीतच थांबली असती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो आपल्याच तरुणांकडून येतो. बाबासाहेबांनी तर आपली वेगळी वसतिगृहं काढली, १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. मग मिश्र शाळेचा आग्रह कशाला? उत्तर सरळ आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेचं वसतिगृह आमच्या मुलांना शिकता यावं म्हणून होतं, पण ती मुलं शिकायला जायची ती सर्वांच्या हायस्कुलात. सिद्धार्थ महाविद्यालय आणि औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय यांचं दार कोणत्याही जातीला बंद नव्हतं. औरंगाबादलाच पुढे मिलिंद बहुउद्देशीय हायस्कूल निघालं. संस्था आपल्या हातात, शाळा सर्वांसाठी, असं ते धोरण होतं. आधार वेगळा हवा, कारण आपण मागे ठेवले गेलो. पण वर्ग एकच हवा, कारण वेगळ्या वर्गातून वेगळं समाजच तयार होतो.

मलकापूरकरांना हे समजायला पुस्तकाची गरज नाही. चोवीस तास पाणी देणाऱ्या मीटरच्या नळयोजनेमुळे मलकापूरचं नाव देशभर झालं. त्या योजनेचं तत्त्व काय? एक टाकी, एक जाळं, प्रत्येक घराला तोच दाब, तेच पाणी. श्रीमंताच्या बंगल्याला वेगळी टाकी आणि वस्तीला वेगळी, असं असतं तर वस्तीच्या टाकीची गळती कोणी कधी दुरुस्त केली असती का? शाळेचंही तसंच. ज्या शाळेत सरपंचाचं, डॉक्टरचं, कारखान्याच्या संचालकाचं पोर बसतं, त्या शाळेतलं छत गळलं की दुरुस्त होतं, गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी राहत नाही. ती मुलं निघून गेली की शाळा 'गरिबांची' होते, आणि गरिबांच्या शाळेसाठी मंत्रालयात फोन करणारा कोणी उरत नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने परिसरातल्या सगळ्या मुलांसाठी समान शाळेची शिफारस केली होती, ती याच कारणासाठी. ती कधी अंमलात आली नाही. उलट २०१२ साली महाराष्ट्राने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला आणि फी भरणाऱ्यांसाठी वेगळी टाकी बांधायला रीतसर परवानगी दिली.

मग शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांचं काय? त्या हक्कासाठी भांडलंच पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. हा विजय आपला आहे. पण पालकांनी एक गोष्ट प्रवेशाच्या दिवशीच ओळखून ठेवावी. हा कायदा आठवीपर्यंतच आहे. नववीला तेच पोर त्याच शाळेत पूर्ण फी भरणारं पोर होतं. कष्टकरी बापाला ती फी झेपली नाही की ऐन दहावीच्या तोंडावर शाळा बदलावी लागते. म्हणून अनुदानित माध्यमिक शाळा वाचवणं हा भावनेचा विषय नाही, आपल्या मुलांच्या नववी-दहावीचा विषय आहे.

इंग्रजीला आमचा विरोध नाही. बाबासाहेबांचा वारसा सांगणाऱ्याने इंग्रजीला विरोध करूच नये. पण इंग्रजी येणं आणि इंग्रजी पाटीच्या शाळेला फी भरणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अनेक अनुदानित शाळांत सेमीचे वर्ग आहेत, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवलं जातं. खरा प्रश्न आहे तो सेमीच्या वर्गात कोण बसतं, हा.

आणि इथे ती जुनी युक्ती परत येते. मोठ्या शाळेत एका इयत्तेच्या चार-पाच तुकड्या असतात. 'अ' तुकडीत सेमी, अनुभवी शिक्षक, स्कॉलरशिपचे जादा तास. शेवटच्या तुकडीत वस्तीतली, ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवरची पोरं. फाटकावर शाळा मिश्र, तुकडीत मात्र गाळणी. तेव्हा फारसीच्या वर्गात पाठवलं, आता शेवटच्या तुकडीत पाठवतात. गोणपाट दिसत नाही एवढंच.

म्हणून माहितीपत्रक हातात आलं की आमच्या पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी पुढचे प्रश्न विचारावेत. तुकड्या कशाच्या आधारावर पाडता? प्रत्येक तुकडीत अनुसूचित जाती-जमातींची, भटक्या-विमुक्तांची मुलं किती? मंजूर शिक्षक किती आणि हजर किती? प्रयोगशाळा कुलपात आहे की वापरात? मुलींसाठी पाण्यासह स्वच्छतागृह आहे का, आणि आठवीतल्या किती मुली दहावीपर्यंत टिकतात? सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचे अर्ज कोण भरतं आणि वेळेत भरतं का? शौचालय साफ करायला, मैदान झाडायला कोणत्या मुलांना सांगितलं जातं? निकालाची टक्केवारी शाळा स्वतःहून सांगते. हे सगळं विचारल्याशिवाय सांगत नाही.

विचारायचं कुठे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. अनुदानित शाळेत ही समिती सल्लागार आहे, हे खरं. पण समितीच्या इतिवृत्तात लिहून घेतलेला प्रश्न पुढे माहितीच्या अधिकारात, शिक्षणाधिकाऱ्यांपुढे आणि गरज पडली तर न्यायालयात उभा राहतो. आज ही समिती बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या टेबलावर सह्या घेऊन तयार होते. त्या सह्यांत आपल्या आया-बहिणींची सही असावी आणि ती वाचून केलेली असावी. जयंतीच्या मिरवणुकीला जेवढे तरुण आपण एकत्र आणतो, त्याच्या दहाव्या हिश्शाने जरी शाळेच्या पालकसभेला हजेरी लावली तरी तुकड्यांची यादी बदलेल.

मलकापूरच्या डोक्यावर आगाशिवचा डोंगर आहे आणि त्यात बौद्ध लेणी कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी त्या विहारांत भिक्खू राहत होते. संघात आल्यावर जात मागे राहते, नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची नावं उरत नाहीत, ही तथागतांची शिकवण. त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपण आपल्या पोरांच्या शाळेत तुकडीतुकडीने नद्या वेगळ्या वाहू द्यायच्या का?

या जूनला मुलाचा दाखला घेऊन जाल तेव्हा फीचा प्रश्न विचारा, बसचाही विचारा. पण पहिला प्रश्न तुकडीचा विचारा. उत्तर लेखी मागा.

जय भीम! जय जोती! जय सावित्री!