एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील सार्वजनिक व्याख्याने : श्रोत्यापासून वक्त्यापर्यंत

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या प्रबोधनकाळाचा अभ्यास प्रामुख्याने वृत्तपत्रे, ग्रंथ आणि संस्था यांच्या आधारे झाला आहे. परंतु ज्या समाजात वाचता येणाऱ्यांची संख्या अत्यल्प होती, त्या समाजात नवा विचार पोहोचविण्याचे प्रभावी साधन म्हणजे जाहीर भाषण होते. हे ज्ञान कोणासाठी खुले झाले आणि ऐकणाऱ्यांना बोलण्याचा अधिकार केव्हा मिळाला, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने प्रस्तुत निबंधात या परंपरेचा आढावा घेतला आहे.

मुंबईतील ज्ञानप्रसार :
१८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील अध्यापक व विद्यार्थी यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिची मराठी शाखा म्हणजे ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’ होय. दादोबा पांडुरंग हे तिचे पहिले अध्यक्ष. इंग्रजीतून मिळालेले ज्ञान स्वभाषेत मांडणे हा सभेचा हेतू होता. सभेत निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकाने हे ज्ञान वाचकांपर्यंत नेले. १८४९ मध्ये या तरुणांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या, हे त्यांच्या विचारमंथनाचे प्रत्यक्ष फलित म्हणावे लागेल. मात्र बोलणारे आणि ऐकणारे दोघेही बहुतांशी एकाच शिक्षित वर्तुळातील होते.

पुण्यातील वसंत व्याख्यानमाला :
न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. इतिहास, अर्थकारण, समाजसुधारणा, विज्ञान अशा विषयांवर नागरिकांनी एकत्र येऊन ऐकावे, विचार करावा, ही तिच्यामागील भूमिका होती. मतभेद असलेल्या विचारांनाही एकाच व्यासपीठावर स्थान देणारी ही परंपरा एकविसाव्या शतकातही चालू राहिली. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि उन्हाळ्याच्या सुटीच्या दिवसांत, शहरात भरणाऱ्या व्याख्यानांना सुटी आणि सवड असलेला वर्गच प्रामुख्याने उपस्थित राहू शकत होता. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांतील प्रौढ कामगारांना कायद्याने आठवड्याची एक सुटीसुद्धा नव्हती. व्याख्यानाचे द्वार सर्वांस खुले असले, तरी तेथवर येण्यासाठी लागणारा वेळ सर्वांपाशी नव्हता.

सत्यशोधकांचे कार्य :
ही मर्यादा ओलांडण्याचे कार्य सत्यशोधक चळवळीने केले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर आदी ठिकाणी त्यांनी या ग्रंथातील भाग लोकांसमोर वाचून दाखविले. ज्यांच्याविषयी ग्रंथ लिहिला, त्यांनीच तो कानांनी ऐकला. त्यात सावकारी, नोकरशाही व धार्मिक शोषण यांची चिकित्सा आहे. तशीच पावसाचे पाणी जमिनीत मुरावे यासाठी ताली व बंधारे घालावेत, जनावरांची पैदास सुधारावी, अशा शास्त्रीय सूचनाही आहेत. सामाजिक न्याय आणि विज्ञान हे येथे दोन वेगळे विषय राहत नाहीत. जमिनीची धूप आणि शेतकऱ्याचे कर्ज यांचा विचार एकत्रच होतो.

याच परंपरेतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत भरलेल्या सभांत रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे मर्यादित तास आणि वेळेवर पगार या मागण्या संमत झाल्या. त्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. एप्रिल १८९० मधील सभेस सुमारे १०,००० कामगार उपस्थित होते आणि तेथे दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. जून १८९० मध्ये गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटीची मागणी मान्य केली. ज्या वेळेअभावी श्रमिक सभागृहाबाहेर राहत होते, ती वेळ त्यांनी सभेच्याच मार्गाने मिळविली.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेने ज्ञान मराठीत आणले, वसंत व्याख्यानमालेने ते नागरी जीवनाचा भाग बनविले, तर सत्यशोधकांनी ते शेतकरी व कामगारांपर्यंत नेऊन त्यांना व्यासपीठ दिले. या तिन्ही प्रवाहांचे योगदान परस्परपूरक आहे. परंतु व्याख्यान परंपरेचे मूल्यमापन केवळ वक्त्यांच्या नामावलीवरून करणे अपुरे ठरते. सभेची वेळ कोणास सोयीची होती, स्थळ कोणास जवळचे होते आणि ऐकून झाल्यावर बोलण्यास कोण उभे राहू शकले, हेही तपासावे लागते. १८९० च्या सभेत बोलणाऱ्या त्या दोन स्त्रियांचे महत्त्व म्हणूनच प्रबोधनाच्या इतिहासात कोणत्याही नामवंत वक्त्याहून कमी नाही.