सेविकेच्या हातातला सरकारी मोबाईल : २०२१ ची 'मोबाईल वापसी' समजून घेताना

१/
ऑगस्ट २०२१. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल शासनालाच परत करण्यास सुरुवात केली. आंदोलनाला नाव पडले 'मोबाईल वापसी'. वरवर पाहता हा जुन्या फोनचा वाद होता. मुळात मात्र प्रश्न असा होता की, कार्यालयाने दिलेल्या उपकरणाची जबाबदारी नेमकी कोणाची?

२/
एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडीचा सारा कारभार नोंदवह्यांवर चालला. कुटुंब सर्वेक्षण, पूरक आहार, लसीकरण, गृहभेटी, बालकांची वजने अशा कालांतराने एकूण ११ नोंदवह्या झाल्या.

३/
गावाचे दप्तर सांभाळणे वऱ्हाडाला नवे नाही. आजचा बुलढाणा जिल्हा ज्या वऱ्हाड प्रांतात होता, तेथे गावची कागदपत्रे पटवारी राखत असे. परंतु त्याचे पद वंशपरंपरेने चालत आलेले होते आणि त्या कामाचा मोबदला महसुलाशी बांधलेला होता. नोंद ठेवणाऱ्याला व्यवस्थेत निश्चित स्थान होते.

४/
सेविकेचे स्थान असे निश्चित नव्हते. तिला मिळते ते वेतन नव्हे, 'मानधन'. अंगणवाडी सेविका हे शासकीय नागरी पद नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका प्रकरणात २००६ मध्ये दिला. पुढची सारी गुंतागुंत समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

५/
८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातील झुंझुनू येथून पोषण अभियान सुरू झाले. सेविकांना स्मार्टफोन आणि पर्यवेक्षिकांना टॅबलेट, अशी कल्पना होती. 'कॉमन ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर', म्हणजे 'कॅस', हे ॲप ११ पैकी १० नोंदवह्यांची जागा घेणार होते.

६/
'कॅस'ची दोन वैशिष्ट्ये महत्त्वाची होती. ते मराठीतून वापरता येई आणि नेटवर्क नसतानाही त्यात नोंद करता येई. संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत. अशा डोंगराळ भागात नेटवर्क येण्याची वाट न पाहता काम करता येणे ही चैन नसून गरजच असते.

७/
कोणत्याही मोठ्या कंपनीत कर्मचाऱ्यांना फोन दिले की माहिती-तंत्रज्ञान विभागाकडे चार कामे येतात : योग्य क्षमतेचा फोन निवडणे, ॲप अद्ययावत ठेवणे, बिघडलेला फोन दुरुस्त करणे आणि आयुष्य संपलेला फोन बदलून देणे. कर्मचाऱ्याने फक्त तो वापरायचा असतो.

८/
महाराष्ट्रात अंगणवाड्या सुमारे १ लाख १० हजार. योजनेचे आयुक्तालय नवी मुंबईत बेलापूरला, त्याखाली जिल्हा परिषद, मग तालुक्याचे प्रकल्प कार्यालय, पर्यवेक्षिका आणि शेवटी सेविका. मदतीसाठी जिल्हा व तालुका पातळीवर मदतकक्षांची तरतूद योजनेत होती. तरीही फोन बंद पडला की त्याचा पहिला फटका बसे तो साखळीच्या शेवटच्या टोकाला.

९/
२०१९ मध्ये राज्यात फोन वाटले गेले. त्यांची रॅम २ जीबी होती. पुढे केंद्राने 'कॅस' बंद केले आणि १ मार्च २०२१ रोजी 'पोषण ट्रॅकर' आणले. उपकरण जुने, ॲप नवे. फोन गरम होणे, मध्येच अडकणे, साठवण भरून जाणे, अशा तक्रारी वाढल्या. शिवाय नव्या ॲपमध्ये नोंदी इंग्रजीतून कराव्या लागत.

१०/
त्यात फोनची हमीची मुदतही संपली. दुरुस्तीसाठी काही हजार रुपये सेविकांना स्वतः भरावे लागतात, असे संघटनांचे म्हणणे होते. तेव्हा राज्यातील सेविकेचे मासिक मानधन होते सुमारे ८,३२५ रुपये. फोन शासनाचा, माहिती शासनाची, दुरुस्तीचा भार मात्र सेविकेवर, असा हा व्यवहार होता.

११/
मग स्वतःच्या मोबाईलवर काम का करू नये? संघटनांनी त्यालाही नकार दिला, आणि त्यामागे तर्क होता. घरातला एकच फोन अनेकदा मुलांच्या ऑनलाईन शाळेसाठीही लागत होता. दुसरे म्हणजे, खासगी फोन एकदा शासकीय कामाला लागला की उपकरण पुरवण्याची शासनाची जबाबदारीच संपते. हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

१२/
दरम्यान, २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील प्रकरणात सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. 'मानधन' या शब्दाआड काम लपवता येणार नाही, हे त्यातून अधोरेखित झाले.

१३/
२० फेब्रुवारी २०२३ पासून राज्यात बेमुदत संप झाला. नवे मोबाईल ही त्यातली एक प्रमुख मागणी होती. शासनाने ती मान्य केल्यावर संप मिटला. मार्चच्या अर्थसंकल्पात सेविकांचे मानधन १०,००० रुपये करण्याची घोषणा झाली. मानधन आणि मोबाईल हे प्रश्न एकाच मागणीपत्रात येणे योगायोग नव्हता. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता : सेविका ही कर्मचारी आहे की नाही?

१४/
फोनवरचा भार पुढेही वाढतच गेला. घरपोच आहाराच्या वाटपासाठी लाभार्थ्याचा चेहरा ओळखण्याची अट १ जुलै २०२५ पासून लागू झाली. पूर्वी शाई संपली तर दुसरा पेन मिळे. आता कॅमेरा किंवा नेटवर्क अडले की आहाराचे वाटपच अडते. म्हणजे बिघडलेल्या उपकरणाची किंमत सेविकेपाठोपाठ गरोदर मातेलाही मोजावी लागू शकते.

१५/
'मोबाईल वापसी'ला तंत्रज्ञानविरोध म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल. सेविकांनी मोबाईलवर काम करण्याला नकार दिला नाही. चालणारा फोन आणि कळणारी भाषा मागितली. डिजिटल राज्यकारभाराचा इतिहास लिहिताना ॲपच्या उद्घाटनाची तारीख नोंदवली जाईलच. तिच्याशेजारी फोन परत केल्याची तारीखही नोंदवली गेली पाहिजे.