पिंपरीची सिएरा

१९६४ साली अमेरिकेत पॉन्टिॲकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ६.४ लिटरचं इंजिन बसवून जीटीओ काढली आणि मसल कारची लाट आली. आमच्या पिंपरीत टाटांच्या टेल्को कंपनीने १९९१ साली उलटाच घाट घातला. टाटामोबाइल पिकअपच्या सांगाड्यावर ऐटबाज सिएरा उभी केली! डिझेल इंजिन जेमतेम दोन लिटरचं. पण पॉवर विंडो आणि एसी त्या काळात होते. दारं दोनच, म्हणून मागे बसायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागे. मागची छतापर्यंत वळलेली काच उघडतच नसे. गॅरेजात त्या काचेचं रबर बसवताना अजूनही माझा हात हळुवार होतो. पुण्यात बनलेली सर्वांत देखणी गाडी हीच. कुणाच्या शेडमध्ये पडून असेल, तर कृपा करून भंगारात देऊ नका.