परमिट रूममधलं गाणं आणि गाणारी बाई



तालुक्याच्या गावाला जाताना एसटीच्या खिडकीतून एक पाटी तुम्ही कितीतरी वेळा पाहिली असेल. 'बिअर बार व परमिट रूम'. पाटी दिसली की आपण तोंड फिरवतो. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरची मजुरी त्या दारातून आत गेली आणि परत आली नाही. त्यामुळे आत काय चालतं हे जाणून घ्यावं असं आपल्याला कधी वाटलं नाही. आज मात्र मी तुम्हाला त्या दाराच्या आत घेऊन जाणार आहे. तिथली दारू दाखवायला नाही, तिथलं गाणं ऐकवायला.

त्याला कारण आहे. आमच्याकडच्या एका गटात एका बाईनं सभासद होण्यासाठी अर्ज दिला. अकरा वर्षं ती शहरात ऑर्केस्ट्रा बारमध्ये गात होती. आई अंथरुणाला खिळली म्हणून गावी परत आली. शेळ्या घ्यायच्या म्हणते. अर्ज वाचून झाला आणि बैठकीत सगळ्या गप्प. मग एक काकू म्हणाल्या, "ताई, दारू बंद करायला आपणच मोर्चा काढला होता ना? मग बारमधली बाई गटात कशी घ्यायची?" प्रश्न रास्त होता. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, म्हणून मी मागची पानं उलटायला बसले. जे सापडलं ते सांगते.

आधी 'परमिट रूम' हा शब्द घेऊ. परमिट कसलं? दारू पिण्याचं. स्वातंत्र्यानंतर आपल्या तेव्हाच्या मुंबई राज्यात दारूबंदी आली. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. पुढच्या वर्षापासून राज्यभर बंदी लागू झाली. ज्याला तब्येतीसाठी लागते, त्यानं सरकारकडून परवाना घ्यायचा. पुढे साठ-सत्तरच्या दशकात सरकारनं हात सैल सोडला. परवाने भराभर मिळू लागले. परवाना असलेल्यांनी बसून प्यायची हॉटेलातली खोली म्हणजे परमिट रूम. कायद्याच्या नावात आजही 'दारूबंदी' आहे आणि त्याच कायद्याखाली दुकानं चालतात. म्हणजे ती पाटी हा दारूबंदीच्या इतिहासाचा उरलेला तुकडा आहे.

आता गाण्याकडे येऊ. मुंबईत हॉटेलात बसून बँड ऐकायची रीत त्या बंदीच्याही आधीची. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले काळे कलावंत येऊन जॅझ वाजवत. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा बँड आला होता. त्यांच्यापासून शिकून पुढे आले ते आपले गोव्याचे वादक. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सुरांची लिपी वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती विद्या पोटाशी बांधून ही मुलं मुंबईला आली. रात्री हॉटेलात वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. भगवानदादांचा 'अलबेला' तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. १९५१चा. त्याचं संगीत आपल्या सी. रामचंद्र यांचं, आणि त्या गाण्यांतल्या ट्रम्पेटमागे होते गोव्याचे चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. म्हणजे लग्नाच्या वरातीत आपण ज्या चालींवर नाचलो, त्यांतल्या काहींचं बीज हॉटेलातल्या छोट्या स्टेजवर पडलेलं आहे.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. दारूबंदीच्या त्या काळातही चर्चगेटच्या रस्त्यावरच्या हॉटेलांत बँड वाजत होते. समोर कॉफी असो नाहीतर सरबत, लोक गाणं ऐकायला येत. गाण्याला दारू लागतेच असं नाही. दारूवाल्याला मात्र गाणं लागतं, कारण गाण्यामुळे गिऱ्हाईक बसून राहतं. हा फरक मनात ठेवा, पुढे कामाला येईल.

चर्चगेटला ॲस्टोरिया हॉटेलात 'व्हेनिस' नावाची जागा होती. तिथं ट्रम्पेटवाले ख्रिस पेरी यांच्या बँडबरोबर एक तरुण मुलगी गायची. लॉर्ना कोर्देरो. मूळ गोव्याची, मुंबईत वाढलेली. अशा जागेत गाणं ऐकण्याची मजा वेगळीच असते. जागा लहान, स्टेज हाताच्या अंतरावर. रेडिओत आवाज येतो, पण गाणारीनं श्वास कधी घेतला, वादकाकडे पाहून भुवई कधी उडवली, हे कळत नाही. तिथं ते कळतं. कीर्तनात पुढच्या ओळीत बसलेल्या बाईला जे मिळतं तेच. लॉर्नांचा आवाज दमदार होता. त्यांच्या आणि पेरींच्या कोंकणी गाण्यांच्या तबकड्या गोव्यात घरोघरी वाजल्या. त्यातलं एक गाजलेलं गाणं 'बेबदो'. बेबदो म्हणजे आपल्याकडचा बेवडा. क्लबात गाणाऱ्या बाईचं नाव झालं ते दारुड्यावरच्या गाण्यानं!

पण पुढे काय झालं? सत्तरच्या दशकात लॉर्नांचं गाणं थांबलं. पेरींशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर गायचं नाही अशा बोलीत त्या अडकल्या होत्या, असं सांगितलं जातं. वीस वर्षांहून जास्त काळ त्या स्टेजपासून दूर राहिल्या. १९९५ साली गोव्यात पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा लोकांनी अलोट गर्दी केली. लोक विसरले नव्हते. पण आवाज ऐन भरात असतानाची वीस वर्षं कोण परत देणार? गळा बाईचा असला, तरी तिनं कुठं, कधी आणि कुणाबरोबर गायचं हे ठरवणारे दुसरेच. हे धागे पुढेही दिसतात.

परमिट रूम वाढल्या तशी मालकांमध्ये चढाओढ लागली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबई, ठाणे, पनवेलकडे डान्स बार झाले. तिथं सिनेमाच्या गाण्यांवर बाया नाचत. २००५ साली विधानसभेनं एकमतानं कायदा केला आणि १५ ऑगस्टपासून हे नाच बंद झाले. आपल्यातल्या पुष्कळ जणींना तेव्हा बरं वाटलं. मलाही वाटलं होतं. कॉलेजात होते मी.

आता नीट पाहिलं तर त्या कायद्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, बार बंद झाले नाहीत. त्याच टेबलावर तीच दारू विकायला मुभा राहिली. बाहेर काढलं ते बायांना. दुसरी, तीन तारांच्या आणि त्याहून मोठ्या हॉटेलांना, क्लबांना सूट होती. म्हणजे गरिबाच्या बारमध्ये नाच झाला की समाज बिघडतो आणि श्रीमंताच्या हॉटेलात झाला की बिघडत नाही! ज्याला आपण दारूबंदी समजून टाळ्या वाजवल्या, ती दारूबंदी नव्हतीच. ती बाईच्या कामावरची बंदी होती.

त्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानं आणि महिला संघटनांनी पन्नास बारमधल्या ५०० नाचणाऱ्या बायांशी बोलून पाहणी केली. बहुतेक जणींच्या कमाईवर घरातली चार माणसं जगत होती. मुलांची फी, आईबापाचं औषध, भावाचं लग्न. बंदीविरुद्ध बारवाल्यांबरोबर बायांची युनियनही कोर्टात गेली. एप्रिल २००६मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली. सरकार वर गेलं. १६ जुलै २०१३ला सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम केला. काम बंद करण्यापेक्षा कामाची जागा सुरक्षित करा, असं कोर्टाच्या सांगण्याचं सार. पुढच्या वर्षी सरकारनं पुन्हा बंदी आणली, २०१६ला आणखी एक कायदा केला. जानेवारी २०१९मध्ये कोर्टानं त्यातल्या बऱ्याच जाचक अटी काढल्या. कागदावर बाया जिंकल्या. पण मधली चौदा वर्षं गेली. चौदा वर्षांत एका बाईचं कामाचं वय सरतं.

नाच बंद झाला तेव्हा गाणं उरलं. ऑर्केस्ट्रा बार. एक कीबोर्डवाला, एक ऑक्टोपॅडवाला, दोनतीन गाणारे. गिऱ्हाईक चिठ्ठीवर फर्माईश पाठवतं. त्यावरही अट होती. स्टेजवर बाया चारच आणि पुरुष चारच. पाचवी गाणारी बाई असली तर परवाना धोक्यात. ही अट १८ फेब्रुवारी २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. स्टेजवर आठ जणांची मर्यादा असू द्या, पण त्यात बाया किती हे सरकारनं ठरवायचं नाही, असा निकाल. बायांचं रक्षण म्हणून घातलेली अट बाईची रोजीच हिसकावते, हेही कोर्टानं बोलून दाखवलं.

मी त्या कामाचं गोडवं गात नाही. रात्रीचं जागरण, प्यायलेल्यांची नजर, टीपमधून जाणारा वाटा, धाड पडली की तोंडावर ओढणी घेऊन गाडीत बसायचं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कीबोर्डवाला 'वादक' असतो, मालक 'चालक' असतो, आणि गाणारी बाई 'बारबाला'. तिला गायिका म्हणायची पद्धत नाही. आपल्याला हे नवं नाही. तमाशातल्या बाईचंही असंच होतं. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली होती, मग अटी घालून उठवली. आज त्याच लावणीला सरकारी पुरस्कार मिळतात आणि शाळेच्या गॅदरिंगला आपल्या लेकी हौसेनं लावणी करतात. लावणी घेतली, लावणीवाली मात्र पुष्कळदा वेशीबाहेरच राहिली.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते. त्यांचा राग मी समजू शकते. त्यांच्या घरातली दोन एकर जमीन त्या पाटीखाली गेली. पण काकू, ती गेली कुठं? बारच्या गल्ल्यात गेली. गल्ल्यावर गाणारी बाई बसलेली नव्हती. ती आपल्यासारखीच रोजावर होती. आपण गावात बायांचं मतदान घेतलं, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला आणि दुकान बंद झालं. त्या मतपत्रिकेवर कुठल्या बाईचं चित्र नव्हतं. आपली लढाई बाटलीशी होती आणि आहे. ती बाईशी आहे असं आपल्याला कुणी वाटायला लावलं, तर त्यात फायदा बाटलीवाल्याचाच.

गटाचे नियमही मी पुन्हा वाचले. सभासद गावात राहणारी हवी, वयात बसणारी हवी, दर महिन्याला बचत भरणारी आणि बैठकीला येणारी हवी. आधी कुठं काम करत होती, हा रकाना अर्जात नाही. तो आपल्या मनात आहे.

त्या बाईला मी विचारलं, त्या कामातलं आवडलेलं काही होतं का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असायचं. अशा रात्री एक म्हातारे गृहस्थ यायचे. ते पाणी मागवायचे आणि जुनी गाणी सांगायचे. त्या दिवशी मी नीट गायचे. कुणी ऐकतंय असं वाटायचं."

पुढची बैठक येत्या पाच तारखेला आहे. तिचा अर्ज मी विषयपत्रिकेवर पहिला ठेवला आहे. मत तुमचं तुम्ही द्या, हात तुमचाच आहे. काकूंनी यावं, नक्की यावं, आणि जे मनात आहे ते तिच्या समोर बोलावं. तीही तिथं असेल. बोलायच्या आधी मात्र तिचं म्हणणं ऐकून घेऊ. तेवढं त्या म्हाताऱ्या गृहस्थांना जमलं होतं, आपल्याला जमायला हरकत नाही.